लाकूड जाळायला सरकारी सबसिडी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र, रॅटक्लिफ, बंद झालं तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं खूप कौतुक झालं. कौतुक करण्यासारखंच होतं ते, ज्या देशाने १८८२ साली लंडनमध्ये कोळशावर वीज करून विकायला सुरुवात केली त्याने कोळसा सोडला ही काही लहान गोष्ट नाही. पण त्या बातमीची दुसरी बाजू मराठीत मला कुठेच वाचायला मिळाली नाही म्हणून हे लिहितेय. मी बरीच वर्षं लीड्सला राहते, इथलं वीजबिल भरते, आणि त्या बिलातले पैसे कुठे जातात हे बघून मला मनापासून राग येतो.

लीड्सहून एम ६२ हायवेने हल शहराच्या दिशेला निघालं की गूल गावाच्या आधी डाव्या हाताला बारा प्रचंड कूलिंग टॉवर दिसतात. ते ड्रॅक्स वीज केंद्र. जवळच्या सेल्बीच्या खाणींतला कोळसा जाळायला १९७० आणि ८० च्या दशकांत बांधलेलं, सहा वीजसंचांचं, एकेकाळी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या कोळसा केंद्रांपैकी एक. आता त्यातले चार संच लाकडावर चालतात. आणि लाकूड म्हणजे जवळपासच्या झाडांच्या वाळक्या फांद्या नाहीत हो, अमेरिकेतल्या लुइझियाना, मिसिसिपी, इकडे कॅनडा, बाल्टिक देश, तिथून जहाजं भरून येतात, बंदरावर उतरवून मालगाड्यांनी ड्रॅक्सला आणतात आणि मोठमोठ्या पांढऱ्या घुमटांत साठवतात. चार घुमट आहेत, सगळे मिळून तीन लाख टन माल मावतो.

तो माल म्हणजे पेलेट. इथे घरच्या शेगडीसाठी किंवा मांजराच्या ट्रेमध्ये टाकायला पिशवीतून मिळतात तसलेच. पेन्सिलीएवढ्या जाडीची, बोटाच्या एक-दोन पेरांएवढी, गुळगुळीत तपकिरी कांडी. कपभर पाण्यात टाकून बघा, थोड्याच वेळात फुगून तिचा भुसा होतो, म्हणूनच हे सगळं बंद डब्यांतून न्यावं लागतं, कोळशासारखं उघड्यावर ढीग घालून ठेवता येत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, ते आधी वाळवायचं, मग दळायचं, मग दाबून कांडी करायची, मग समुद्र ओलांडून आणायची, आणि इथे आणून परत पीठ करून बॉयलरमध्ये फुंकायची. एवढं सगळं करून एक युनिट विजेमागे चिमणीतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो कोळशापेक्षा कमी नाही, उलट थोडा जास्तच.

तरी हिशेबात मात्र शून्य! कारण आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की लाकडातला कार्बन जिथे झाड तोडलं त्या देशाच्या खात्यात मोजायचा, जिथे जाळलं तिथे नाही. म्हणजे धूर यॉर्कशायरमध्ये आणि नोंद लुइझियानात. एम्बर नावाची ऊर्जेचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिने २०२३ सालचा हिशेब मांडला तेव्हा ड्रॅक्सच्या चिमण्यांतून १ कोटी १५ लाख टन कार्बन डायऑक्साइड गेला असं निघालं, ब्रिटनमधल्या कुठल्याही एका ठिकाणाहून झालेलं ते सर्वात जास्त उत्सर्जन, तेव्हा चालू असलेल्या रॅटक्लिफच्या साधारण चौपट. आणि त्याच वर्षी ड्रॅक्स चालवणाऱ्या कंपनीला अर्ध्या अब्ज पौंडांहून जास्त सबसिडी मिळाली, आपल्या हिशेबाने पाच हजार कोटी रुपयांच्या वर. कार्बनवर जो खर्च कोळशा-गॅसवाल्यांना भरावा लागतो तो यांना माफ, ते वेगळंच.

कंपनीचं म्हणणं, झाडं परत उगवतात, तेवढा कार्बन परत शोषतात, आणि आम्ही भुसा, फांद्या, आरा गिरणीत उरलेलं लाकूड वापरतो. भुसा वापरत असतील तर त्याला माझी काहीच हरकत नाही, तो तसाही कुजतोच. पण अख्खे ओंडकेही पेलेटच्या कारखान्यांत जातात. आणि झाड परत उगवायला वेळ किती लागतो? चाळीस, पन्नास, कधी ऐंशी वर्षं. मुदत ठेव आज मोडून खायची आणि नातवंडं परत भरतील म्हणायचं, असा हा व्यवहार आहे, आणि हवामानाच्या बाबतीत तर पुढची वीस-तीस वर्षंच महत्त्वाची आहेत ना? २०२१ च्या फेब्रुवारीत पाचशेहून जास्त शास्त्रज्ञांनी अमेरिका, युरोप, जपान, कोरियाच्या नेत्यांना पत्र लिहून हेच सांगितलं होतं की जंगलं जाळण्याला पैसे देऊ नका, उभी ठेवा.

तपासणीचं म्हणाल तर २०२२ मध्ये बीबीसी पॅनोरामाने कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जुन्या नैसर्गिक जंगलांतल्या तोडीबद्दल कार्यक्रम केला, कंपनीने आरोप नाकारले. मग ऑफजेम या इथल्या नियामकाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कॅनडातल्या लाकडाची माहिती नीट न दिल्याबद्दल कंपनीला अडीच कोटी पौंड भरावे लागले. सबसिडी चुकीने दिली गेली असा पुरावा मिळाला नाही असंही ऑफजेम म्हणालं, तेही सांगायला हवं. पण जानेवारी २०२४ मध्ये इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेने, स्पष्ट लिहिलंय की हे लाकूड टिकाऊपणाच्या, म्हणजे जंगल न संपवता मिळवल्याच्या, निकषात बसतं याची खात्री देण्याइतकी व्यवस्था पुरेशी आहे हे सरकारला दाखवून देता येत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं लोकांच्या बिलातून अब्जावधी पौंड वसूल करून दिले आणि माल कुठला, कसला, याची छाननी मुख्यतः कंपनीनेच दिलेल्या कागदांवर! मला यातलं हेच सगळ्यात जास्त खटकतं.

आणि जिथे पेलेट बनतात तिथल्या लोकांचं काय? मिसिसिपीत ग्लोस्टर नावाचं गाव आहे, छोटं, गरीब, बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. तिथल्या ड्रॅक्सच्या कारखान्याला २०२० मध्ये हवा प्रदूषणाच्या मर्यादा ओलांडल्याबद्दल पंचवीस लाख डॉलर दंड झाला. तिथली माणसं धूळ, आवाज आणि श्वासाच्या त्रासाबद्दल बोलत आलीयत, आणि माझ्या घरातला दिवा त्या कारखान्याच्या जिवावर लागतो हे मला सहन होत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने २०२७ ते २०३१ साठी नवा करार जाहीर केला. सबसिडी निम्म्यावर आणली, केंद्र आतापेक्षा खूपच कमी चालवायचं, लाकूड शंभर टक्के टिकाऊ स्रोतातलं हवं. आधीच्या व्यवस्थेत कंपनीने नको तेवढा नफा कमावला हे खुद्द मंत्र्यांनीच पार्लमेंटमध्ये मान्य केलं. मग बंदच का नाही करत? वारा पडला की वीज कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्न, आणि तो खोटा नाही, हिवाळ्यात इथे आठवडा आठवडा वारा नसतो. पण त्यासाठी बॅटऱ्या, शेजारच्या देशांशी जोडलेल्या केबल, आणि सगळ्यात आधी इथल्या जुन्या गळक्या घरांना इन्सुलेशन करा ना. माझ्या गल्लीत विटांची शंभर वर्षांपूर्वीची घरं आहेत, खिडक्यांतून थंडी आत येते, म्हातारी माणसं एकाच खोलीत हीटर लावून बसतात, आणि त्यांच्याच बिलातून लाकूड जाळायचे पैसे जातात. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०२४ मध्ये नव्या बायोमास (लाकूड, काडीकचरा जाळणाऱ्या) केंद्रांना मदत बंद करायचं ठरवलं, मग ब्रिटनला काय अडचण आहे?

आता हे आपल्या पेपराला का लिहितेय, तर माझं माहेर यवतमाळचं. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२३ मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के, पुढे ७ टक्के बायोमास पेलेट मिसळायची सक्ती केली, आणि त्यात शेतातला काडीकचरा अभिप्रेत आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं कुटार शेतात पेटवून द्यायच्या ऐवजी शेतकऱ्याला त्याचे चार पैसे मिळत असतील तर माझा पूर्ण पाठिंबा आहे. बांबूचंही बोललं जातंय, तो निदान तीन-चार वर्षांत तोडायला येतो. पण पऱ्हाट्या गोळा करायला मजूर लागतात, त्या जागा जास्त अडवतात, वजन कमी भरतं, आणि बांधावरची बाभूळ, कडुनिंब ठेकेदाराला एका दिवसात ट्रकभर मिळतो. पेलेट झाल्यावर त्यात काय होतं हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. एकदा भाव बांधून दिला आणि सक्ती आली की माल कुठून तरी येणारच, ड्रॅक्सचं असंच झालं.

म्हणून माझी विनंती आहे की चंद्रपूर, कोराडी, पारस या आपल्या केंद्रांत आजपर्यंत किती पेलेट आले, कोणाकडून, कशाचे, आणि ते प्रत्यक्ष कोण तपासतं, ही माहिती आपल्या वार्ताहरांनी महानिर्मितीकडे मागावी आणि छापावी.

आपली वाचक,
लीड्स, इंग्लंड