गोधडीतला फिका आणि गडद

मा. संपादक,

गोधडीचे हल्ली कौतुक होते, याचा मला फार आनंद आहे. पण ते 'किती रंगीबेरंगी!' एवढ्यावरच थांबते. नक्षी उठून दिसते ती फिक्या-गडदाच्या फरकाने. गडद लाल आणि बाटली हिरवा हे विरोधी रंग. तरी शेजारी जोडले तर लांबून चौकोनच हरवतात, कारण दोन्ही सारखेच गडद. मध्ये जुन्या धोतराची पांढरी पट्टी घाला, दोन्ही लख्ख वेगळे होतात.

इथे वेंगुर्ल्यात आषाढात भरदुपारी घर अंधारते. मंद उजेडात लाल आधी काळवंडतो, निळा मात्र उजळ भासतो. म्हणून मी तुकडे माजघरातच मांडते आणि डोळे किलकिले करून बघते. फिक्या-गडदाचा फरक मोबाइलवरच्या कृष्णधवल फोटोतही कळतो.

पॅरिसच्या गोबेलिन्स या चित्रे विणणाऱ्या कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये हेच मांडले: रंग कसा दिसतो ते शेजारच्या रंगावर ठरते. आमच्या सासूबाईंना हे हाताने ठाऊक होते.

आपल्या पुरवणीत गोधडीच्या रंगीत फोटोशेजारी तिचाच कृष्णधवल फोटोही छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक गोधडी शिवणारी, वेंगुर्ले