कीबोर्ड बदलताना उबंटूचे पार्टिशन पुसल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील दुरुस्तीच्या वेळी उबंटूचे पार्टिशन न विचारता काढून टाकल्याबद्दल, तसेच जॉबशीटवरील चुकीचा शेरा रद्द करण्याबाबत

महोदय,

आपल्या सांगलीतील अधिकृत सेवा केंद्रात मी माझा लॅपटॉप कीबोर्डसाठी दिला होता. स्पेसबार आणि त्याच्या लगतच्या काही कळा दाबल्या जात, पण अक्षर उमटत नसे. लॅपटॉप वॉरंटीत आहे. कीबोर्ड विनामूल्य बदलून मिळाला, तो चांगला चालतो, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण या कामात माझ्या डिस्कला हात लावला गेला, तिच्यावर वेगळ्या काढलेल्या भागातली, म्हणजे पार्टिशनमधली, एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम काढून टाकली गेली आणि वर त्याचा दोष लेखी स्वरूपात माझ्यावर ठेवला गेला. त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन्ही सिस्टिम आहेत, आणि दोन्ही रोज लागतात. मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करते. प्रकाशकांकडचा जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, तो उघडायला विंडोज लागते. तो युनिकोडमध्ये आणणे, तपासणे आणि पाने लावणे हे सगळे उबंटूत चालते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. प्रत्येक फॉन्टची तऱ्हा वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी मी वेगळी रूपांतर-कोष्टके आणि स्क्रिप्ट तयार केल्या आहेत. ते माझे कैक वर्षांचे काम आहे. लॅपटॉप दिला तेव्हा दिवाळी अंकाची पाने त्याच उबंटूत अर्धी लागलेली होती.

लॅपटॉप जमा करताना काउंटरवर विंडोजचा पासवर्ड मागितला गेला, 'कीबोर्ड टेस्ट करायला लागतो' म्हणून. तो एका स्टिकरवर पेनने लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवला गेला. लॅपटॉप परत मिळाला तेव्हाही ते स्टिकर तसेच होते. दरम्यान तो ज्या ज्या टेबलावर गेला असेल, तिथल्या प्रत्येकाला माझा पासवर्ड वाचता येत होता.

मग फोन आला: "मॅडम, तुमची विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावा लागेल. ओएस इन्स्टॉलेशनचे चार्जेस वेगळे पडतील, वॉरंटीत येत नाही." मी तशीच केंद्रात गेले. काळ्या स्क्रीनवर 'ग्रब' एवढा शब्द, पुढे एक कोनचिन्ह आणि लुकलुकणारा कर्सर. काय केले असे विचारल्यावर तंत्रज्ञांनी सांगितले की विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक 'अननोन पार्टिशन' जागा अडवून बसलेले दिसले, म्हणून ते डिलीट केले. ते अननोन पार्टिशन म्हणजे माझे उबंटू. मी फॉरमॅटला नकार दिला आणि लॅपटॉप परत घेतला. जॉबशीटवर शेरा आला: 'ग्राहकाने अनधिकृत ओएस टाकल्यामुळे सॉफ्टवेअर करप्ट. ग्राहकाचा फॉरमॅटला नकार.'

हा शेरा खरा नाही, आणि ते दाखवून देता येते.

घरी येऊन मी लॅपटॉप सुरू करतानाच बूट मेनू उघडला आणि त्यातून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडला. विंडोज नेहमीसारखी सुरू झाली, एकही फाइल हललेली नव्हती. म्हणजे विंडोज उडाली नव्हती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र जिथे उबंटू होते तिथे काळी पट्टी आणि 'अनअलोकेटेड' हा शब्द. त्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडला आहे. काळ्या स्क्रीनचे कारणही साधे आहे. ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सिस्टिम निवडू देणारा प्रोग्राम, ईएफआय नावाच्या वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये असतो, पण त्याचा मेनू आणि बाकीच्या फाइली उबंटूच्या पार्टिशनमध्ये असतात. त्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, शोधून तो पुढे जातो. पार्टिशनच गायब केल्यावर त्याला काही सापडले नाही आणि तो तिथेच थांबला. बूट मेनूत योग्य नोंद निवडली असती तर हे आपल्या केंद्रातच कळले असते. ते न करता मला पैसे भरून फॉरमॅट करायला सांगण्यात आले.

त्यानंतर मी विंडोज बंद केली आणि पुन्हा सुरू केली नाही. पेनड्राइव्हवरून उबंटू चालू करून आधी संपूर्ण एसएसडीची (लॅपटॉपमधल्या डिस्कची) जशीच्या तशी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मगच टेस्टडिस्क हे हरवलेली पार्टिशने शोधणारे सॉफ्टवेअर चालवले. पार्टिशन डिलीट झाले म्हणजे डिस्कवरच्या पार्टिशनच्या तक्त्यातली त्याची नोंद जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी प्रकरणे आपापल्या पानांवर राहतात, तसा आतला डेटा जागेवर असतो. टेस्टडिस्कच्या पहिल्याच शोधात लिनक्सची ओळ आली. 'पी' दाबल्यावर माझे फोल्डर दिसले, त्यांत दिवाळी अंकाचेही होते. नोंद पुन्हा लिहिली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, आणि ग्रबचा मेनू आपोआप परत आला. ग्रब नव्याने टाकावे लागले नाही, कारण यूयूआयडी फाइल सिस्टिममध्येच असतो, पार्टिशनच्या तक्त्यात नसतो. बिघाड फक्त डिलीट केलेल्या नोंदीचा होता, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

हे वाचले ते फॉरमॅट झाला नाही म्हणून. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. त्यावर विंडोज फॉरमॅट करते तेव्हा ट्रिम आदेश जातो. या जागेतला डेटा आता नको आहे, असे एसएसडीला कळवले जाते. मग तिचा कंट्रोलर त्या जागा साफ करून टाकतो, आणि त्यानंतर टेस्टडिस्क असो की कोणतेही महागडे रिकव्हरी सॉफ्टवेअर, हाती काही लागत नाही. आपल्या केंद्रात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी येतात, त्यांतल्या कित्येकांच्या लॅपटॉपवर दोन सिस्टिम असतात. काउंटरवर 'फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगितले की ती मुले मान डोलावतील आणि त्यांचे प्रोजेक्ट कायमचे जातील. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

आपल्या कॉल सेंटरने मला दोन उत्तरे दिली. पहिले, लिनक्स आमच्या सपोर्टमध्ये नाही. मी लिनक्ससाठी मदत मागितलेलीच नव्हती. जी गोष्ट आपण दुरुस्त करत नाही, ती पुसण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला? दुसरे, बॅकअप ही ग्राहकाची जबाबदारी आहे. माझ्याकडे बॅकअप असतो. पण कीबोर्डच्या कामात कोणी डिस्क पुसणार आहे असे मला सांगितले नव्हते, जॉबशीटवरही तसे लिहिलेले नाही. बॅकअप आहे या कारणाने मूळ वस्तू नष्ट करायची मुभा कोणालाच मिळत नाही.

माझ्या मागण्या अशा. जॉबशीटवरचा शेरा लेखी पत्राने रद्द करावा आणि पार्टिशन आपल्या केंद्रात डिलीट झाल्याचे त्यात नमूद करावे; उद्या मदरबोर्ड गेला तर याच शेऱ्यावर बोट ठेवून माझी वॉरंटी नाकारली जाऊ नये. प्रत घेण्यासाठी मला नवी बाहेरची डिस्क विकत घ्यावी लागली, तिच्या बिलाची भरपाई मिळावी. आणि काम करण्याची पद्धत बदलावी. कीबोर्ड तपासायला ग्राहकाची विंडोज लागत नाही, केंद्राच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून प्रत्येक कळ तपासता येते. पासवर्ड मागू नये, स्टिकरवर तर मुळीच लिहू नये. डिस्कला हात लावायचाच असेल तर आधी ग्राहकाची सही घ्यावी आणि जॉबशीटवर त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) नुसार निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे झालेले नुकसान आणि त्याच्यापासून जाणूनबुजून दडवलेली माहिती, दोन्ही सेवेतील त्रुटीत मोडतात. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे. टेस्टडिस्कची लॉग फाइल, बूट मेनूचे फोटो आणि एसएसडीची प्रत मी जपून ठेवली आहे. आपल्या तांत्रिक विभागाला ती तपासायची असेल तर माझ्यासमोर तपासता येईल.

सोबत: जॉबशीटची प्रत, डिस्क मॅनेजमेंटचा फोटो, झाकणावरच्या स्टिकरचा फोटो (पासवर्ड झाकून), बाहेरच्या डिस्कचे बिल.

आपली ग्राहक,
(सही)
सांगली