चुंबकालाही जागा द्या

संलयन ऊर्जेच्या (अणुकेंद्रके जोडून मिळणाऱ्या ऊर्जेच्या) बातम्यांत प्लाझ्माच्या, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वायूच्या, कोटी कोटी अंशांचेच कौतुक असते. तो प्लाझ्मा कोंडून धरणाऱ्या चुंबकाची बोळवण एका ओळीत होते. सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेतील एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी यांनी रेब्को या अतिवाहकाच्या (विनारोध वीज वाहणाऱ्या पदार्थाच्या) पट्टीच्या चुंबकात 20 टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र गाठले, तेही 20 केल्विनला, म्हणजे उणे 253 अंश सेल्सिअसला. कागदासारख्या पातळ पट्टीत अतिवाहक थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. लांबीच्या दिशेने ती दणकट, पण थर सोलणारा ताण आला की संपलीच. 20 टेस्लाला चुंबकीय दाब सुमारे 1600 वातावरणांइतका! त्यामुळे डिझाइनची निम्मी लढाई विजेची नव्हे, पोलादाची असते. गंमत म्हणजे या चुंबकाच्या वेढ्यांत विद्युतरोधकच नव्हता: पट्टी एका जागी तापली तर प्रवाहाने शेजारच्या वेढ्यातून वाट काढावी. मोबदल्यात चार्जिंग संथ होते. तरी मुद्दाम केलेल्या क्वेंच (अतिवाहकता अचानक नाहीशी होण्याच्या) चाचणीत एका कोपऱ्यात चुंबक भाजलेच, आणि ते 2024 च्या शोधनिबंधांत छापलेही गेले. 20 टेस्लाचा विक्रम आपल्याकडे गाजला. हा भाजलेला कोपरा मात्र कुठे वाचल्याचे आठवत नाही. विज्ञान पुरवणीने तोही छापावा.

– एक वाचक, पुणे