गवत कापण्याआधी दहा मिनिटं थांबा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर सोसायट्यांमध्ये ‘मागचं रान’ साफ करायची जी घाई सुटते, तिच्याबद्दल हे पत्र. मी सहकारनगरमधल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहते आणि घरीच ब्लाऊज शिवते. मशीन मागच्या खिडकीशी आहे. खिडकीबाहेर आठ-दहा फुटांची पट्टी. तिथे अळू, कर्दळ, कढीपत्ता आणि भाजीच्या कचऱ्यातून आपोआप उगवलेलं एक वांग्याचं झाड.

या वांग्यावर जूनच्या सुरुवातीला शिंपी पक्ष्यानं घरटं केलं. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, डोकं तांबूस, शेपटी कायम उभी, आणि आवाज अंगाच्या मानानं चौपट. या दिवसांत नराची शेपटी लांब होते, म्हणून जोडी ओळखता येते. शिवायला बसायची ती आखूड शेपटीची. तो शेजारच्या तारेवर बसून ओरडायचा. यावर मी जास्त बोलत नाही.

10 जूनला सोसायटीनं मशीनवाला लावून गवत कापलं. मी अस्तर आणि हूक आणायला बोहरी आळीत गेले होते. परत येते तो पट्टी चकाचक आणि वांगं पोत्यात. तीन अंड्यांपैकी दोन फुटलेली, एक गार.

त्या माणसाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ते घरटं मी पोत्यातून काढून ट्यूबलाइटखाली धरलं तेव्हा कळलं की त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. दोन पानं एकमेकांकडे ओढून कडेकडेनं शिवलेली. मी मोजले, बावीस टाके. पण ती आपल्यासारखी सलग धावदोऱ्याची शिवण नव्हे. प्रत्येक टाका सुटा. चोचीनं भोक पाडायचं, त्यातून झाडाचा तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढायचा, आणि बाहेर आलेलं टोक पिंजून फुगवायचं. म्हणजे ते मागे सरकत नाही. गाठ कुठेच नाही! बत्तीस वर्षं शिवते आहे, पण बिनगाठीचा टाका माझ्याच्यानं दोन दिवस टिकायचा नाही. भोकं इतकी बारीक की पान वाळत नाही, देठावर जिवंत राहतं. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला हिरवी पानंच दिसतात. आत सावरीच्या कापसाचं अस्तर. माझ्या चिंध्यांच्या डब्यातला एकही दोरा त्यात नव्हता, याचं खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं.

आठवड्यानं त्याच जोडीनं (मी तरी तीच धरते) कर्दळीच्या एका रुंद पानाची गुंडाळी करून पुन्हा शिवायला घेतलं. या वेळी मी माळ्यावरची जुनी पाटी काढली, ‘पिको-फॉल करून मिळेल’, आणि तिच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलं: ‘येथे कापू नये, काम चालू आहे.’ मशीनवाला पुन्हा आला तेव्हा हसला, पण पट्टी सोडून गेला. मादी साधारण बारा दिवस अंड्यांवर बसली. पुढे दोन आठवडे दोघंही अळ्या, कोळी आणून आणून दमले. 22 जुलैच्या सकाळी पिल्लं बाहेर पडून कढीपत्त्यावर बसली, शेपट्या अजून बोटाच्या पेराएवढ्या. अंडी घातल्यापासून उडेपर्यंत जेमतेम चार आठवडे.

आता सोसायटीतली हरकत. रान ठेवलं की डास होतात, डेंग्यू होतो. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आमच्याकडे असं पाणी सापडलं ते जिन्याखालच्या जुन्या टायरमध्ये आणि वरच्या मजल्यांवरच्या कुंड्यांच्या ताटल्यांत. टायर मी स्वतः उपडा केला. ताटल्यांचं सांगितलं तर एका वहिनींना राग आला.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्यात वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणंही शिकारीतच धरलं आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण वांग्याच्या झाडासाठी कोण प्राधिकरणाकडे जाणार? आणि शिंपी घरटं करतो ते अनेकदा अशाच कमरेएवढ्या, कुणी न लावलेल्या झाडांत. रविवारी दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला तळजाई टेकडीवर जाणाऱ्या मंडळींनी एखाद्या रविवारी आपल्याच इमारतीच्या मागेही डोकावावं.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना माझी विनंती एवढीच की कापणी मे महिन्यातच उरकावी. जून ते ऑगस्टमध्ये कापायचंच असेल तर आधी दहा मिनिटं लांब उभं राहून पाहावं. एखादा पक्षी चोचीत काही घेऊन त्याच त्या झुडपात पुन्हा पुन्हा शिरत असेल, तर तेवढी जागा महिनाभर सोडावी. पानं उलटून पाहू नयेत आणि मोबाइल आत खुपसू नये.

पहिलं घरटं मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलं आहे. पानं आता वाळून तपकिरी झाली आहेत, टाके अजून शाबूत आहेत.

आपली,
एक ब्लाऊज शिवणारी वाचक,
सहकारनगर, पुणे