कमान पाडली रे एकदाची

प्रिय बंड्या,

फोन करणार होतो पण तुझ्याकडे रात्र असते म्हणून लिहितोय. आमच्या हॉलमधून पॅसेजकडे जाताना ती कमान होती बघ, दोन बाजूला गोल खांब आणि वर पीओपीची वेलबुट्टी, बाबांनी १९९६ ला हौसेनं करून घेतलेली, ती पाडली.

कारण काय, तर फ्रिज. साइड बाय साइड घेतला, तो खांबांच्या मधून जाईना, तीन आठवडे टीव्हीशेजारी उभा होता, पाहुणे आले की आधी त्यालाच नमस्कार. पाडायचं म्हटल्यावर सोसायटीत बोंब, बिल्डिंग खचेल म्हणे, इंजिनिअरचं पत्र आणा. इंजिनिअर आला, बोटांनी टकटक केलं, पोकळ! म्हणाला वजन सगळं आरसीसीच्या कॉलम-बीमवर असतं, बीम कमानीवर टेकलेला नाही, कमानच बीमला लटकलीय.

आधी वायरमननं त्यातल्या दोन दिव्यांचा सप्लाय तोडला, मग छन्नी-हातोडा. फोडायचं ब्रेकर मशीन नको म्हणालो, शेजारच्या प्लास्टरला तडे गेले तर कोण ऐकून घेणार. आतून काय निघालं, प्लायच्या पट्ट्या, कोंबडी जाळी, काथ्या आणि वरून पीओपी. आणि खांब! अरे ज्या खांबाला टेकून तू बारावीच्या निकालाचा फोटो काढलास ना, तो आतून संडासचा चार इंची पाइप होता. मी आणि मिस्त्री जाम हसलो, मग एकदम लक्षात आलं बाबा घरातच आहेत. पण ते आधीच बँकेत जातो म्हणून सटकले होते, रविवार होता. आल्यावर बघितलं आणि एवढंच म्हणाले, भुंडं दिसतंय.

खरं सांगू का, दिसतंय. मला वाटलं हॉल केवढा मोठा होईल, पण आता तो बोडका बीम डोळ्यात खुपतो. राडारोडा सतरा गोणी निघाला, तांदळाच्या डब्यातसुद्धा धूळ.

आणि खरी पंचाईत पुढेच आहे. खांब जिथे होते तिथे खाली फरशीच नाही, नुसता कोबा. आपल्या बिल्डिंगची ती करडी मोझॅक, काळ्या खड्यांची, सगळं मार्केट पालथं घातलं, कुठेच मिळत नाही. तुमच्या वरच्या फ्लॅटच्या माळ्यावर बिल्डरनं दिलेल्या उरलेल्या फरश्या होत्या ना? काकूंना विचार, आठ लागतील. किल्ली कुठे असते तेही सांग, मीच चढतो.

तुझा,
बाळ्या