बांधलेल्या पावलांचे कारण केवळ आकर्षणात सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चिनी स्त्रियांचे पाय बांधण्याच्या प्रथेवरील लेख वाचला. पुरुषांच्या विकृत आकर्षणातून ही प्रथा जन्मली आणि सरकारी हुकमाने ती संपली, असे त्याचे सार आहे. ही दोन्ही विधाने अपुरी वाटली, म्हणून हे पत्र.

पावलाची ओढ ही काही एकट्या चीनची मिरास नव्हे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सखी मालविकेच्या पायांना अळता लावते, नूपुर चढवते आणि अग्निमित्र आडोशाने ते डोळे भरून पाहतो, पुढे त्याच पायाच्या आघाताने अशोकाला बहर येतो. जयदेवाचा कृष्ण तर राधेचे पाऊल आपल्या मस्तकी मागतो. भक्तीच्या अंगाने पाहावे, तर साखळी गावच्या विठ्ठलापुढे आपण पायांवरच डोके टेकतो आणि जुन्या गोव्यातील पूर्वीच्या शवप्रदर्शनांत भाविक सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायांचे चुंबन घेत. यांपैकी कोठेही पाच-सहा वर्षांच्या मुलीचे हाड मोडावे लागले नाही. चीनमध्ये मात्र अंगठा सोडून उरलेली चार बोटे तळव्याखाली दुमडून, टाच पुढे ओढून, कापडी पट्ट्यांनी पाऊल वर्षानुवर्षे आवळले जाई, ते कमान मोडेपर्यंत. आदर्श होता ‘तीन इंची सुवर्णकमळा’चा, चिनी मापाचे हे तीन इंच म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर.

दहाव्या शतकातील राजा ली यू याच्या नर्तकीने प्रथम पाय बांधल्याची कथा लेखात इतिहास म्हणून आली आहे; ती आख्यायिका आहे. प्रत्यक्ष पुरावा तेराव्या शतकातील थडग्यांत मिळतो. त्याहून बोलके आहे ते आपल्या किनाऱ्यावरून चीनला गेलेल्या दोन धर्मोपदेशकांचे लिखाण. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठाण्याला येऊन पुढे चीनला गेलेला ओदोरिक लिहितो की, लहान पाय हे तेथील स्त्रियांचे मोठे सौंदर्य मानले जाते आणि आया मुलींचे पाय घट्ट गुंडाळतात. 1548 साली गोव्याला निघालेला आणि 1556 मध्ये कँटनला पोहोचलेला गास्पार द क्रूझ सांगतो की, लहान पायांच्या स्त्रिया तेथे अधिक कुलीन समजल्या जातात. एकाने बांधणाऱ्या हातांकडे बोट दाखवले, दुसऱ्याने प्रतिष्ठेकडे. गोव्यातून निघणाऱ्या वृत्तपत्राच्या लेखात निदान द क्रूझचा उल्लेख हवा होता, असे वाटून गेले.

प्रतिष्ठेच्या जोडीला श्रमही होते. अलीकडे चीनच्या खेड्यांतील हजाराहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या मुलाखतींतून असे दिसले आहे की, जेथे लहान मुलींना घरी बसवून सूतकताई आणि विणकाम करून घेतले जाई, तेथे पाय बांधण्याचे प्रमाण जास्त होते आणि गिरणीचे स्वस्त सूत आल्यावर ते घटत गेले. शेतात राबणाऱ्या, दक्षिण चीनमधील हक्का समाजाच्या स्त्रिया पाय बांधत नसत. म्हणजे जिला आपण अंतःपुरातील नाजूक स्त्री समजतो, ती अनेकदा टकळीपाशी खिळवलेली कष्टकरी मुलगी होती.

हुकमाविषयी थोडेसेच. कांगशी बादशहाच्या कारकिर्दीत 1660 च्या दशकात निघालेली बंदी 1668 मध्ये मागे घ्यावी लागली. 1902 मध्ये राजमाता त्सी-शीने प्रथेविरुद्ध फर्मान काढले आणि 1912 मध्ये प्रजासत्ताकाने बंदी घातली. तरीही दूरच्या खेड्यांत पट्ट्या आवळल्या जातच राहिल्या. खरी अडचण लग्नाची होती. एकट्या आईने मुलीचे पाय मोकळे सोडले, तर उद्या तिला वर कोठून मिळणार? ही गाठ नेमकी ओळखली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या पादबंधनविरोधी मंडळांनी. सभासद कुटुंबे दोन शपथा घेत: मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून घरात आणणार नाही. दुसऱ्या शपथेवाचून पहिली टिकली नसती, असे माझे मत आहे.

शेवटी, लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘डौलदार चाल’ असे शब्द आहेत. बीजिंगमधील वृद्ध स्त्रियांची पाहणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ऐंशी व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांपैकी 38 टक्क्यांच्या पायांत बांधणीमुळे आलेली विकृती आढळली. अशा स्त्रियांचे पडण्याचे प्रमाण जास्त होते आणि आधार न घेता खुर्चीवरून उठणेही त्यांना अवघड जात होते. लेखाचा पुढील भाग प्रसिद्ध व्हायचा असल्यास छायाचित्राखालील मजकूर बदलावा आणि ही माहितीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
फोंडा, गोवा