छोटा लिव्हर

प्रिय शऱ्या,

सात महिने झाले, तुला पत्र नाही. तुझी दोन आली. दोन्ही टेबलाच्या खणात अगदी वर आहेत. खण उघडला की दिसतात आणि मी तो परत लावून टाकतो. मुग्धाचा निकाल कळला तेव्हा फोन करायचा तोही राहिला. रागव, तुझा हक्क आहे, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. आईची तब्येत ठीक, गुडघे सोडले तर. माझं बीपी गोळीवर आहे. नंदा बरी.

गुरुवारी एक गोष्ट घडली, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. एक मोठी गाडी चालवून बघायला गेलो होतो. कोणती ते लिहीत नाही, नाव वाचलंस की पत्र तिथेच खाली ठेवशील. अडीच टनांची आहे, आत सगळं चामडं, आणि दार लावलं की बाहेरचं जग बंद. शोरूमच्या मागे त्यांनी लोखंडी चढ उभा केला आहे. शेजारी बसलेला पोरगा म्हणाला, ‘सर, आता लो रेंज टाकू.’ आणि माझा डावा हात आपोआप खाली गेला. आपल्या जुन्या गाडीतला तो छोटा लिव्हर धरायला, ज्याने लो रेंज पडायची, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. तिथे काहीच नव्हतं. त्याने एक बटण दाबलं, पडद्यावर डोंगराचं चित्र आलं, खाली कुठेतरी बारीक टक् झालं, संपलं. माझा हात तसाच राहिला. मला भरून आलं रे. त्या पोराला वाटलं मी चढाला घाबरलो. ‘काळजी करू नका, गाडी सगळं सांभाळते,’ म्हणाला. फार चांगला मुलगा. पण त्या लिव्हरवर तुझा गुडघा किती वेळा आपटला आणि दर वेळी तू काय काय बोललास, हे त्याला कोण सांगणार?

आणि मी बुकिंगचे पैसे भरून आलो.

आबांच्या वाट्याचे आले ना, त्यातले. चार हिस्से केले तर तीन या गाडीत जातात, एक उरतो. शनिवारी दुपारी बाकीच्या कागदांवर सह्या आहेत. नंदाने ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही. ती अशी गप्प झाली की काय होतं ते तुला मी सांगायला नको.

आधी गाडीच्या बाजूने बोलतो, कारण ती खोटी नाही. आपल्या गाडीचं पुढचं एक आणि मागचं एक चाक चिखलात फिरायला लागलं की ती तिथेच थांबायची. डावी-उजवीकडे ताकद वाटणारे डिफरन्शियल लॉक न होणारे, सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकांना, बाकीची दोन चाकं नुसती बघत उभी. ही गाडी घसरणाऱ्या चाकाला आपणहून ब्रेक लावते आणि जोर दुसरीकडे वळवते. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये तर पुढे, मागे आणि मध्ये अशी तीन डिफरन्शियल लॉक होतात. पाण्याचं बघ: लँड रोव्हरची नवी डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे माझ्या कमरेपर्यंत. आपल्याकडे पाणी इंजिनच्या पंख्यापर्यंत येणार असं दिसलं की तू पँट वर करून बोनेटपाशी जायचास, पट्टा काढायचास, पलीकडे जाऊन परत चढवायचास, आणि तेवढ्या वेळात तुझी एक चप्पल वाहून जायची. किती चपला गेल्या रे?

आणखी एक. आईला घेऊन गेलो होतो. गाडी थांबल्यावर हवेच्या सस्पेन्शनवर खाली बसते, चढायला सोपं पडावं म्हणून. आई कुणाचा हात न धरता आत बसली. त्या क्षणी मी मनातल्या मनात सही करून टाकली होती.

पण रात्री झोप येईना. कागद घेऊन बसलो, आणि मग आपल्या त्या जुन्या मासिकांचा गठ्ठा काढला. पहिली रेंज रोव्हर १९७० ची. दोनच दारं, व्ही-आठ इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग. आणि आत काय? रेक्झिनच्या सीट आणि प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड, पाइप लावून धुता यावा असा! शेतावरचा चिखल घेऊन आत बसायचं, संध्याकाळी धुऊन टाकायची. चामडं, लाकूड, गालिचे सगळे नंतर आले, एकेका वर्षाने, किमतीबरोबर. ती गाडी ज्यांनी उभी केली त्या इंजिनिअरांच्या चमूचा प्रमुख स्पेन किंग. त्याने म्हातारपणी, २००४ मध्ये, स्वतःच सांगितलं की ही गाडी प्रतिष्ठेसाठी बनवली नव्हती, आणि शहरात मुलांना शाळेत सोडायला असल्या गाड्या वापरणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. आपल्या हातच्या कामाबद्दल असं बोलायला माणूस किती सरळ असावा लागतो.

मग ती डेरियनची मोहीम. तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण त्या रात्री मला तिचा अर्थ वेगळाच लागला. १९७१-७२ मध्ये जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल आणि त्याच्या माणसांनी दोन रेंज रोव्हर अलास्कापासून पार दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. मध्ये पनामा आणि कोलंबियाच्या मधलं डेरियनचं जंगल, रस्ता नावालाही नाही. तेवढा एक पट्टा ओलांडायला सुमारे शंभर दिवस. गाड्यांची डिफरन्शियल फुटली. शेवटी वाट काढायला पुढे काय घातलं, तर एक जुनी, वापरलेली, साधी लँड रोव्हर. लहानपणी आपण भांडायचो ते रेंज रोव्हर जिंकली की हरली यावर. ती जिंकलीच, पोचली ना टोकाला. पण पुढे गेली ती जुनी.

आणि खरोखर ज्यांचा जीव गाडीवर अवलंबून असतो ते काय घेतात? मदत पोचवणाऱ्या संस्था वाळवंटात आणि युद्धाच्या भागात टोयोटाची लँड क्रूझर नेतात, पण अनेक ठिकाणी ती ७० मालिकेतली असते. १९८४ पासून आजवर बनते आहे. शिडीसारखी चासी, मागे पट्ट्यांच्या स्प्रिंग, आत पुसून काढता येईल अशी फरशी. त्यांना चामडं परवडत नाही म्हणून नव्हे. बिघडली तर तिथल्या तिथे, पान्याने, उघडता यायला हवी म्हणून.

आता टायर. शऱ्या, इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, ती नीट वाच. या गाडीला बावीस इंची रिम आहे. त्यामुळे रबराची भिंत एवढीशी. वाळूत किंवा चिखलात हवा कमी करून टायर पसरू द्यायचा, तर पसरायला रबरच नाही. दगडावर आदळला की रिमच जाते. हे मी त्या पोराला समजावत होतो आणि बोलता बोलता ऐकू आलं की हे तर तुझे शब्द आहेत. आपली गाडी नदीच्या वाळूत अडकली त्या रात्री तू तीनदा म्हणालास, ‘हवा सोड, अठरावर आण.’ मी म्हणालो, पंप नाही, परत कशी भरणार? आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, पार चासी टेकेपर्यंत. सकाळी ट्रॅक्टर आला तोवर आपण बोलतच नव्हतो. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की क्लच गेला म्हणून अडकलो. क्लच नंतर गेला. तू बरोबर होतास. अठरावर आणली असती तर निघाली असती.

हे लिहून हलकं वाटलं. वहिनींना वाचून दाखव, चालेल.

घरी आमच्या पोराने माझ्यासाठी हिशेब मांडून दिला. त्याच मॉडेलच्या तीन-चार वर्षांच्या गाड्यांच्या जाहिराती काढल्या. किंमत निम्म्याच्या आसपास. मला वाटलं, मग जुनी घेऊ! तो म्हणाला, ‘बाबा, जुनी घेतली की गाडीची किंमत निम्मी होते, सुट्या भागांची नाही होत.’ एवढं शहाणपण याला कुठून आलं? हवेच्या सस्पेन्शनचं त्याने चित्र काढून दाखवलं: रबराचे फुगे, कॉम्प्रेसर, चार कोपऱ्यांत सेन्सर. एक फुगा गळायला लागला की कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. एक टायर फाटला आणि बाकीचे झिजलेले असले तर बरेचदा चारही बदलायचे, कारण कमी-जास्त गोलाईची चाकं लावली की पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर ताण येतो. विमा जास्त, कारण बिनकिल्लीच्या महागड्या गाड्या चोर घरातल्या किल्लीचा सिग्नल लांबवून उघडतात. तेलाचं तर सांगूच नको; एवढं मोठं तोंड घेऊन वारा कापायचा, आणि वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट.

सुरक्षिततेचा मुद्दा मीच काढला होता, की वजनदार गाडीत घरचे सुरक्षित. आतल्यांपुरतं त्यात तथ्य आहे. पण फोर-व्हील ड्राइव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही. ओल्या उतारावर कुठल्याही गाडीला चारच टायर. आणि समोर काही आपटलं तर दुप्पट वजनाची गाडी त्याच वेगाला दुप्पट जोर घेऊन येते. बोनेट एवढं उंच की त्याच्या अगदी पुढे उभं असलेलं लहान मूल सीटवरून दिसत नाही. कॅमेरा आहे, खरं. पण मी कॅमेऱ्यात बघेन का? मी आरशात बघत नाही म्हणून तू माझ्यावर किती ओरडायचास.

कुणाला ही गाडी परवडते, म्हणजे पैशाने नव्हे, कामाने? ज्याला साडेतीन टनांचा ट्रेलर ओढायचा आहे. ज्याचं घर डांबर संपल्यावर दहा किलोमीटर आत आहे आणि ज्याला त्याच गाडीतून दिवसभराचा हायवेही तुडवायचा आहे. अशा माणसाने जरूर घ्यावी, त्याच्या एकेका पैशाचं काम होईल. मी तो नाही.

आणि खरं कारण अजून सांगितलंच नाही. लोखंडी चढ उतरल्यावर मी म्हणालो, मागे ती खडीची वाट दिसते, तिथून नेऊ या. शोरूमचा पोरगा संकोचला. ‘सर, तिथे झुडपं आहेत, रंगाला चरे पडतील.’ मला त्याचा राग आला नाही, कारण त्याच क्षणी मला कळलं की गाडी माझी असती तर मीही नेली नसती. आपल्या गाडीला डाव्या बाजूला जो पोचा होता, तो कुठल्या झाडाचा ते आपल्याला ठाऊक होतं. या गाडीला मी पोचा पडू देणार नाही. आणि जिला पोचा पडू द्यायचा नाही ती घेऊन मी जाणार कुठे?

तू आपली गाडी मला न विचारता विकलीस, त्याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा आठ महिने बोललो नाही, ते कमीच होते. पण तुझी तेव्हाची अडचण मला आता कळते. तेव्हाही कळायला हवी होती.

मुग्धाला सांग, काकाने उशिरा का होईना अभिनंदन केलं. वहिनींच्या बदलीचं काय झालं? तुझ्या पाठीचं? उत्तरात लिही.

तर मी असं केलं आहे. काल शोरूमला फोन करून सांगितलं, शनिवारी येत नाही. बुकिंगचे पैसे थोडे कापून परत देणार आहेत. नंदा मोकळी बोलली, आईसाठी एक लाकडी पायरी करून घेऊ म्हणाली, कुठल्याही उंच गाडीला लावता येईल. आणि एक जुनी, साधी फोर-बाय-फोर बघून आलो. एकाच मालकाची, काचा हाताने खाली होणाऱ्या, छोटा लिव्हर जागच्या जागी. लो रेंजला टाकताना थोडा अडतो, आपला अडायचा तसाच. इंजिन मी ऐकलं, बरं वाटलं. पण चासीला खालून नवा काळा रंग मारलेला आहे आणि त्याच्या आत किती गंज आहे ते मला समजत नाही. लोखंडाचा आवाज तुलाच कळतो.

रविवारी येशील का? तुझी ती छोटी हातोडी घेऊन ये.

तुझा,
मन्या